वनस्पतीचे शास्त्रीय नाव कसे फोडावे

निक्टँथेस आर्बर-ट्रिस्टिस. पारिजातकाचे हे नाव पाठ करायला बसलात तर आठवड्याभरात विसराल. तेच फोडून पाहा: निक्ट म्हणजे रात्र, अँथेस म्हणजे फूल, आर्बर म्हणजे झाड, ट्रिस्टिस म्हणजे दुःखी. रात्री फुलणारे दुःखी झाड. आता विसरायचे म्हटले तरी अवघड. शास्त्रीय नावांची धास्ती बहुतेकांना लांबीमुळे बसते, पण ती लांबी चार-सहा छोट्या तुकड्यांनी बनलेली असते आणि तेच तुकडे शेकडो नावांत पुन्हा पुन्हा येतात.

मात्र एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. नावाचा अर्थ लावता आला म्हणजे वनस्पतीची ओळख पटली असे होत नाही. काही नावे वर्णन करतात, काही फसवतात, काही धडधडीत चुकीची आहेत आणि तरीही नियमानुसार पूर्णपणे वैध आहेत. हे असे का झाले ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१७५३ पूर्वी वनस्पतीचे नाव म्हणजे एक अख्खे लॅटिन वाक्य असे. उदाहरणार्थ, 'प्लँटॅगो फोलिइस ओव्हॅटो-लॅन्सिओलॅटिस प्युबेसेंटिबस, स्पायका सिलिंड्रिका, स्कॅपो टेरेटी'. म्हणजे अंडाकृती-भालाकार लवदार पाने, दंडगोल कणिश आणि गोल दांडा असलेले प्लँटॅगो. नवी जाती सापडली की जुन्या वाक्यात आणखी शब्द घालावे लागत, कारण नाव आणि वर्णन एकच होते. कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये 'स्पेसीज प्लँटारम' हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात ही लांबलचक वाक्ये होतीच, पण प्रत्येकासमोर पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत, त्याने एक सुटा शब्द छापला. वरच्या वाक्यासमोरचा शब्द होता 'मीडिया', म्हणजे मधला. प्लँटॅगो मीडिया. समासातला तो शब्द ही एक चिठ्ठी होती, वर्णनाचे काम वाक्याकडेच होते. पुढे वाक्ये मागे पडली आणि चिठ्ठ्या राहिल्या. आज आपण वाचतो त्या याच चिठ्ठ्या. १ मे १७५३ ही तारीख वनस्पतींच्या नामकरणाचा आरंभबिंदू मानली जाते, त्याआधीची नावे जमेस धरली जात नाहीत.

शब्दांचा घोळ टाळण्यासाठी एवढे ठरवून घेऊ. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. मराठी वनस्पतिशास्त्रात वंशाला 'प्रजाती' असेही म्हणतात, तर बातम्यांत 'प्रजाती' सर्रास जातीसाठी वापरतात. म्हणून या लेखात 'प्रजाती' हा शब्दच टाळला आहे.

पायरी १: नाव रोमन लिपीत मिळवा

देवनागरीत लिहिलेले शास्त्रीय नाव वाचायला सोपे, पण फोडायला निरुपयोगी. 'हूकेराय' ऐकून शेवटी एक आय आहे की दोन ते समजत नाही. वडाच्या फायकस बेंघालेन्सिसमध्ये जीनंतर एच आहे, तो गाळला तर स्पेलिंग चुकते आणि ही चूक छापील पाट्यांवरही दिसते. सी, के आणि सीएच या तिघांचा देवनागरीत 'क' होऊ शकतो. म्हणून वहीत पहिल्या रकान्यात रोमन स्पेलिंग, दुसऱ्यात देवनागरी उच्चार असे ठेवा. उच्चाराची फार काळजी करू नका. लॅटिन ही आज कुणाचीच मातृभाषा नाही, प्रत्येक देशातले वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या वळणाने तिचा उच्चार करतात. स्पेलिंगला मात्र सूट नाही.

पायरी २: भाग सुटे करा

पूर्ण लिहिलेल्या नावात पाच-सहा गोष्टी असू शकतात. वंशनाम, त्याचे पहिले अक्षर कॅपिटल. जातिनाम, सगळी अक्षरे लहान, ते एखाद्या राजाच्या नावावरून असले तरी. दोन्ही तिरप्या अक्षरांत. त्यापुढे 'सबस्प.' म्हणजे उपजाती, 'व्हार.' म्हणजे प्रकार, किंवा नुसता एफ म्हणजे रूप. हे संक्षेप सरळ अक्षरांत छापतात आणि त्यांच्यापुढचा शब्द पुन्हा तिरपा. कोबी, फुलकोबी आणि ब्रोकोली ही तिन्ही ब्रासिका ओलेरेसिया. कॅपिटाटा म्हणजे डोके असलेला तो कोबी, बोट्रायटिस म्हणजे घोसासारखी ती फुलकोबी, इटॅलिका म्हणजे इटलीची ती ब्रोकोली. ओलेरेसिया म्हणजे भाजीपाल्याची.

एकेरी अवतरणचिन्हांत असलेला शब्द वाणाचे नाव असतो. तो माणसाने निवडलेला वाण आहे, आणि त्यासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. १ जानेवारी १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन रूपाचे नाव देता येत नाही. त्यामुळे 'मार्बल क्वीन' किंवा 'ब्लडगुड' अशी नावे चालू भाषेत दिसतात. ती लॅटिनसारखी फोडायला जाऊ नका.

मधे गुणाकाराचे चिन्ह दिसले तर तो संकर. मेंथा × पायपेरिटा, म्हणजे पेपरमिंट, हा मेंथा अक्वाटिका आणि मेंथा स्पायकाटा यांचा संकर आहे. हे चिन्ह वंशनामाच्या आधी असेल तर संकर दोन वेगळ्या वंशांमधला. टंकताना एक्स अक्षर चालवून घेतात, पण ते लहान असावे आणि पुढे जागा सोडावी, नाहीतर एक्स नावाचाच भाग वाटतो.

'एसपी.' म्हणजे या वंशातली एखादी, जाती ठाऊक नाही. 'एसपीपी.' म्हणजे या वंशातल्या अनेक जाती. 'सीएफ.' म्हणजे अमुक जातीशी ताडून पाहावी, खात्री नाही. हे शब्द जातिनाम समजून अर्थ शोधत बसणारे नवशिके कमी नसतात.

पायरी ३: शेपूट पाहा

मराठी माणसाला ही पायरी इतरांपेक्षा सोपी जावी. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. पांढरा, पांढरी, पांढरे. तसेच आल्बस, आल्बा, आल्बम. पाहा:

- अमरँथस आल्बस (पुल्लिंगी)
- मोरस आल्बा, म्हणजे पांढरी तुती (स्त्रीलिंगी)
- सँटॅलम आल्बम, म्हणजे चंदन (नपुंसकलिंगी)

सटायव्हस म्हणजे पेरलेला, लागवडीखालचा. क्रोकस सटायव्हस केशर, ओरायझा सटायव्हा भात, पायसम सटायव्हम वाटाणा. शब्द एकच, शेपूट वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलले. दुसऱ्या गटातली विशेषणे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी सारखीच ठेवतात आणि नपुंसकलिंगात तेवढी बदलतात: साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, पण झिंजिबर ऑफिसिनाले. घेवडा फॅसिओलस व्हल्गॅरिस, पण जव हॉर्डियम व्हल्गॅरे.

वरच्या यादीत एक विसंगती दिसली असेल. अमरँथस आणि मोरस दोन्ही 'अस'वर संपतात, मग एक पुल्लिंगी आणि दुसरे स्त्रीलिंगी कसे? प्राचीन लॅटिनमध्ये बहुतेक झाडांची नावे स्त्रीलिंगी होती आणि ती परंपरा वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने टिकवली. म्हणून फायकस रिलिजिओझा, क्वेर्कस आल्बा, पायनस नायग्रा. उलट ग्रीकमधून आलेले, 'मा'वर संपणारे वंश पुष्कळदा नपुंसकलिंगी असतात. थिओब्रोमा दिसायला अगदी स्त्रीलिंगी, पण जाती आहे थिओब्रोमा ग्रँडिफ्लोरम. 'वेल' तो की ती यावर आपल्याकडेही एकमत नाही, तेव्हा लॅटिनला नावे ठेवण्यात अर्थ नाही. वंशाचे लिंग अंदाजाने ठरवू नका. त्याच वंशातल्या दोन-तीन जातींची नावे काढून शेपटे पाहा, लगेच कळते.

आणखी एक पेच. काही जातिनामे विशेषणे नसून नामेच असतात, ती लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपण 'तांबडा, तांबडी, तांबडे' म्हणतो, पण 'लाल' आहे तसाच राहतो, साधारण तसे. एलियम नपुंसकलिंगी, तरी कांदा एलियम सेपा, कारण सेपा हेच कांद्याचे जुने लॅटिन नाव. सोलॅनम मेलाँजेना, सिडियम ग्वाजावा ही त्यातलीच. शेपूट जुळत नाही म्हणून अशी नावे 'दुरुस्त' करण्याचा मोह आवरा. खऱ्या विशेषणाचे शेपूट मूळ लेखकाने चुकवले असेल तर ते दुरुस्त केले जाते, आणि त्यासाठी नाव नव्याने प्रसिद्ध करावे लागत नाही.

पायरी ४: उरलेल्या धडाचे तुकडे पाडा

शेपूट काढल्यावर जे उरते ते बहुधा दोन तुकड्यांचे असते. ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषांतले तुकडे येत असल्याने एकाच अर्थाला दोन शब्द लक्षात ठेवावे लागतात. ही जोडीची यादी सर्वांत आधी पाठ करा:

- पान: फायलस (ग्रीक), फोलियस (लॅटिन)
- फूल: अँथस, फ्लोरस
- मोठे: मॅक्रो, ग्रँडि
- लहान: मायक्रो, पार्व्हि
- अनेक: पॉली, मल्टी
- एक: मोनो, युनि
- अरुंद: स्टेनो, अँगुस्टि
- रुंद: प्लॅटि, लॅटि

साधारणपणे ग्रीक तुकड्याला ग्रीक आणि लॅटिनला लॅटिन जोडतात. मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा मोठ्या फुलाचा, मॅग्नोलिया मॅक्रोफायला मोठ्या पानाचा. फणस आर्टोकार्पस हेटेरोफायलस: आर्टोस पाव, कार्पस फळ, हेटेरो वेगवेगळी, फायलस पाने. पळसाच्या मोनोस्पर्मामध्ये मोनो एक आणि स्पर्मा बी, त्याच्या शेंगेत खरोखरच टोकाला एकच बी असते. तुळशीच्या टेन्युइफ्लोरममध्ये टेन्युइ म्हणजे बारीक, नाजूक.

यानंतर शेवटी लागणारे काही प्रत्यय. 'ऑइडीस' म्हणजे सारखा दिसणारा: कॅटॅल्पा बिग्नोनिऑइडीस हा बिग्नोनियासारखा. 'फेरा' किंवा 'फेरम' म्हणजे धारण करणारा: मँजिफेरा आंबे धारण करणारा, न्युसिफेरा कवची फळ धारण करणारा. नारळ कोकोस न्युसिफेरा आणि कमळ नेलुंबो न्युसिफेरा या दोघांचे जातिनाम त्यामुळे एकच आहे. दोन झाडांचे जातिनाम सारखे आले म्हणून त्यांचे नाते लागत नाही, हेही यातून ध्यानात घ्या. 'एसेन्स' म्हणजे होत जाणारा: रुबेसेन्स हा लालसर होत जाणारा, लाल नव्हे. 'कोला' म्हणजे तिथे राहणारा.

वस्तीचे शब्द फार उपयोगी पडतात, कारण ते झाड कुठे शोधायचे ते सांगतात. पॅलुस्ट्रिस दलदलीतला, अक्वाटिकस पाण्यातला, आर्व्हेन्सिस शेतातला, मॉंटानस डोंगरावरचा, मॅरिटिमस समुद्रकाठचा, रुपेस्ट्रिस खडकातला, सिल्व्हेस्ट्रिस रानटी. वाढीचे शब्द: रेपेन्स सरपटणारा, स्कँडेन्स चढणारा, इरेक्टस ताठ, नॅनस बुटका. लवेचे शब्द तर बारकाव्यांनी भरलेले आहेत. ग्लॅबर म्हणजे गुळगुळीत, अजिबात लव नसलेला. प्युबेसेन्स बारीक मऊ लव असलेला. टोमेन्टोसस दाट लोकरीसारखी लव असलेला. हिर्सुटस लांब राठ केसांचा. हिस्पिडस टोचणाऱ्या केसांचा. ग्लॅबर आणि ग्लॉकस यांची गल्लत नेहमी होते. ग्लॉकसचा लवेशी संबंध नाही, तो पानावरच्या निळसर-करड्या मेणचट थरासाठी आहे.

पायरी ५: नाव कोणत्या जातकुळीचे आहे ते ठरवा

तुकडे पडले नाहीत तर नाव वर्णनपर नाही असे समजा. मग तीन शक्यता उरतात: माणूस, ठिकाण किंवा एखाद्या बोलीतला मूळ शब्द.

माणसांच्या नावांवरून केलेले वंश ओळखायला सोपे, कारण शेवटी बहुधा 'इया' येतो. मॅग्नोलिया पिएर मॅग्नोलवरून, बुगेनव्हिलिया हा दर्यावर्दी बुगेनव्हिलवरून, ब्युटिया म्हणजे पळसाचा वंश ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट याच्यावरून. बॉहिनिया हा कांचन-आपट्याचा वंश जाँ आणि गास्पार बॉहिन या भावांच्या नावाने आहे. पान दोन जुळ्या पाळ्यांचे, म्हणून भावांची जोडी. गार्डेनियाचा बागेशी काहीही संबंध नाही, अलेक्झांडर गार्डन नावाच्या माणसाचा तो मान आहे. फुक्सियाचे स्पेलिंग ज्याला आठवत नाही त्याने लिओनहार्ट फुक्स हे नाव आधी लिहावे, मग पुढे आयए जोडावे. एस आणि एच आपोआप जागेवर येतात. लिनियसने सगळेच मान म्हणून दिले असेही नाही. योहान सीगेसबेक याने त्याच्या पद्धतीवर कडाडून टीका केली होती, त्याचे नाव त्याने एका क्षुद्र फुलांच्या तणाला चिकटवले. सीगेसबेकिया अजून आहे.

जातिनामात माणूस आला की षष्ठीचा प्रत्यय येतो, आणि इथे मराठीची सवय आडवी येते. 'बँक्सचा गुलाब' यातला 'चा' गुलाबाकडे पाहतो, लॅटिन प्रत्यय माणसाकडे पाहतो. पुरुष असेल तर शेवटी आय, स्त्री असेल तर एई. रोझा बँक्सिएई मधला प्रत्यय सांगतो की हा गुलाब लेडी बँक्सच्या नावाचा आहे, जोसेफ बँक्सच्या नव्हे. स्ट्रेलिट्झिया रेजिनी म्हणजे राणीचा. ती राणी शार्लट, आणि वंशनाम तिच्या माहेरच्या मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झवरून.

एक आय की दोन, याचा नियम साधा आहे. आडनाव व्यंजनावर संपत असेल तर दोन आय: विल्सनवरून विल्सोनिआय, रॉक्सबर्गवरून रॉक्सबर्गिआय. ईआरवर किंवा स्वरावर संपत असेल तर एकच: हूकरवरून हूकेराय, फॉर्च्यूनवरून (स्पेलिंगच्या शेवटी ई) फॉर्च्यूनेआय. आडनाव 'ए' या अक्षरावर संपत असेल तर पुरुष असला तरी एई लागतो. बालान्साचे बालान्सी होते, म्हणून प्रत्येक एई बाईचा असे समजू नका. जर्मन आडनावांतले ठिपके काढून त्याजागी ई घालतात. कढीपत्त्याच्या जातिनामातला कोनिग असा ओ-ई घेऊन येतो.

ठिकाणांची नावे 'एन्सिस', 'इकस', 'आनस' या शेपटांनी ओळखू येतात: सायनेन्सिस चीनचा, इंडिका भारताचा, ऑस्ट्रॅलिस दक्षिणेचा. शेवटच्यात ऑस्ट्रेलिया देश शोधू नका. गोकर्णाच्या टर्नेटियामध्ये इंडोनेशियातले टर्नेट बेट लपले आहे.

तिसरा गट मला सर्वांत रंजक वाटतो. लॅटिनचा वेष घातलेले आशियाई शब्द. मँजिफेरातला 'मँग' दक्षिणेच्या द्राविडी भाषांतून पोर्तुगीजांमार्फत गेला. डाट्युरा म्हणजे आपला धोत्रा, धत्तूरच. झिंजिबरचे नाते संस्कृत शृंगवेराशी लागते. मोरिंगा तमिळ मुरुंगैवरून, टेक्टोना मल्याळम तेक्कावरून, नेलुंबो सिंहलीतून. अझाडिरॅक्टा हे फारसी 'आझाद दरख्त', आणि बकाण निंबाच्या मेलिया अझेडरॅकमध्येही तोच शब्द वेगळ्या स्पेलिंगने बसला आहे. चिंचेचे टॅमरिंडस हे अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदी खजूर. पुढे लिनियसने इंडिका जोडले, म्हणजे नावात हिंद दोनदा आला. गंमत अशी की चिंच मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतली आहे.

पायरी ६: अर्थ झाडावर ताडून पाहा

इथे नवशिका सर्वांत जास्त घसरतो. रंगाचा शब्द दिसला की तो फुलाचा रंग धरतो. हेलेबोरस नायजर, नायजर म्हणजे काळा. फुले पांढरी असतात, काळे मूळ असते. सँटॅलम आल्बममधला पांढरा रंग लाकडाचा. म्हणून वर्णनपर शब्द आला की तो नेमक्या कोणत्या भागाला लागू आहे ते विचारा: फूल, फळ, खोड, मूळ, की पानाची खालची बाजू?

ठिकाणांवर तर मुळीच विसंबू नका. सिला पेरुव्हियाना पेरूत उगवत नाही, ती पश्चिम भूमध्य प्रदेशातली. अस्क्लेपियास सिरिॲका सीरियाची नव्हे, उत्तर अमेरिकेची. सॅलिक्स बॅबिलोनिका आणि प्रूनस पर्सिका दोन्ही मूळच्या चीनच्या. नियमावलीतले कलम ५१ स्पष्ट सांगते की अर्थ गैरलागू आहे एवढ्या कारणावरून वैध नाव टाकता येत नाही, आणि उदाहरण म्हणून तिथे सिला पेरुव्हियानाच दिले आहे. गिंको हे तर स्पेलिंगच फसलेले आहे. जपानी उच्चार गिन्क्योच्या जवळचा, पण रोमन रूपात वायच्या जागी जी पडला, लिनियसने तसाच उचलला आणि तो कायम झाला.

अपवाद अगदी अलीकडचा आहे. २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत 'काफ्रा' आणि त्याच मूळ शब्दावरून केलेली इतर जातिनामे बदलून 'आफ्रा' अशी करायचे ठरले, कारण मूळ शब्द दक्षिण आफ्रिकेत वांशिक शिवी म्हणून वापरला जातो. एरिथ्रिना काफ्राचे त्यामुळे एरिथ्रिना आफ्रा झाले. जुन्या पुस्तकात वेगळे रूप दिसले तर ते याच कारणाने.

काही शब्दांचे आधुनिक अर्थ दिशाभूल करतात. व्हल्गॅरिस म्हणजे असभ्य नव्हे, सर्वत्र आढळणारा. ऑफिसिनॅलिसचा कचेरीशी संबंध नाही. ऑफिसिना म्हणजे जिथे औषधे ठेवत आणि बनवत ती खोली, म्हणून औषधी वनस्पतींना हे नाव. पण ऑफिसिनॅलिस म्हणजे गुणकारी किंवा सुरक्षित असाही निष्कर्ष काढू नका. त्या काळी ती औषध म्हणून विकली जाई, इतकेच ते सांगते.

पायरी ७: नाव आज चालू आहे का ते तपासा

नावापुढचे संक्षेप लेखकांचे, म्हणजे ते नाव प्रसिद्ध करणाऱ्यांचे असतात. एल. म्हणजे लिनियस, रॉक्सब. म्हणजे रॉक्सबर्ग, हूक.एफ. म्हणजे हूकरचा मुलगा जोसेफ डाल्टन हूकर. एफ म्हणजे फिलियस, पुत्र. कंस दिसला तर त्यामागे स्थलांतर आहे. सदाफुली लिनियसने विंका वंशात टाकली होती, विंका रोझिया. पुढे जी. डॉन याने ती कॅथरँथसमध्ये नेली. म्हणून आज कॅथरँथस रोझियस, पुढे कंसात एल. आणि कंसाबाहेर जी. डॉन. विंका स्त्रीलिंगी, कॅथरँथस पुल्लिंगी, त्यामुळे रोझियाचा रोझियस झाला. जुन्या आणि नव्या नावात शेपूट बदललेले दिसते ते बहुतेक वेळा यामुळेच.

एकाच जातीला दोन नावे असतील तर आधी प्रसिद्ध झालेले टिकते. तुळशीला लिनियसनेच १७५३ मध्ये ओसिमम टेन्युइफ्लोरम आणि १७६७ मध्ये ओसिमम सँक्टम अशी दोन नावे दिली. सँक्टम म्हणजे पवित्र, लोकांना तेच आवडते, पण चौदा वर्षे उशीर झाल्याने ते सिनॉनिम, म्हणजे आता बाजूला पडलेले नाव.

दुसरे कारण म्हणजे नाते नव्याने कळणे. रोझमेरीचा रोझमॅरिनस वंश २०१७ मध्ये साल्व्हियात विलीन करण्यात आला, आता ती साल्व्हिया रोझमॅरिनस. बाभळीचे प्रकरण जास्त गाजले. अकेशिया वंश फोडायचा ठरल्यावर मूळ नाव कुणाकडे राहणार यावर वाद झाला. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाला मिळाले आणि २०११ मध्ये मेलबर्नला कायम झाले. म्हणून बाभूळ आता वाकेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. जुन्या पुस्तकातले नाव चूक नव्हते, ते त्या काळचे होते. वहीत सिनॉनिमसाठी वेगळा रकाना ठेवा, जुनी माहिती शोधताना तोच कामाला येतो.

तपासायला दोन ठिकाणे पुरतात. इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्समध्ये नाव कुणी, केव्हा, कुठे प्रसिद्ध केले ते मिळते. कोणते नाव स्वीकारलेले आहे याबद्दल तो काही म्हणत नाही. त्यासाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन पाहा. दोन्हींत गल्लत केली की इंडेक्समध्ये नाव सापडले म्हणजे ते चालू आहे असा गैरसमज होतो. शोधताना वंशाचे नाव पूर्ण लिहा. पिएरिस नावाचे एक झुडूप आहे आणि त्याच नावाचे एक फुलपाखरूही. प्राण्यांची नियमावली वेगळी असल्याने हे चालते, पण साध्या शोधयंत्रात फुलपाखरेच आधी येतात. गोरिला गोरिलासारखी जोडनावेही फक्त प्राण्यांत. वनस्पतीत वंश आणि जाती हुबेहूब सारखे ठेवायला मनाई आहे.

एक नाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मनी प्लँट घ्या: एपिप्रेम्नम ऑरियम, कंसात लिंडेन आणि आंद्रे, बाहेर जी. एस. बंटिंग. कंस आहे, म्हणजे आधी ते दुसऱ्या वंशात होते. शेपटे दोन्ही 'अम', म्हणजे वंश नपुंसकलिंगी आणि जातिनाम विशेषण. धड फोडा: एपि म्हणजे वर, प्रेम्नॉन म्हणजे झाडाचे खोड. खोडावर चढणारा. ऑरियम म्हणजे सोनेरी. आता पडताळा: सोनेरी काय? पानावरचे पिवळे पट्टे. डेटाबेसमध्ये सिनॉनिम पाहा, तिथे पोथोस ऑरियस मिळेल. पोथोस पुल्लिंगी असल्याने तिथे ऑरियस होता. रोपवाटिकांत अजून 'पोथॉस' का म्हणतात याचेही उत्तर मिळाले. पाटीवर पुढे 'मार्बल क्वीन' असेल तर तो वाण.

पहिल्या आठवड्यात अशी दहा नावे पुरेत, आणि ती शक्यतो रोज दिसणाऱ्या झाडांची घ्या. वहीत सहा रकाने आखा: रोमन स्पेलिंग, उच्चार, तुकडे, अर्थ, अर्थ लागू असलेला भाग, सिनॉनिम. पाचवा रकाना रिकामा राहिला तर झाडापाशी जाईपर्यंत तो तसाच राहू द्या.